सावित्रीची भरती आणि खलाशाचा दिवस

महाबळेश्वरी उगम पावून पोलादपूर, महाड करीत बाणकोटपाशी सागरास मिळणारी सावित्री आज आपण पुलावरून ओलांडतो. शिडांच्या काळी हीच वाट होती. बाणकोटहून महाडकडे निघालेल्या गलबतावरील खलाशाचा दिवस सूर्य नव्हे, भरती ठरवी. भरतीला शीड वा वल्ही. ओहोटीला नांगर, आणि त्या सक्तीच्या विसाव्यात भाताचे आधण व शिडाची डागडुजी. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येई. झोपही तशीच सरके. १७५६ च्या तहाने बाणकोटवर इंग्रजांचा हक्क कायम झाला, हे आपण पाठ करतो. तांडेलांची नावे मात्र कोणी पाठ केली नाहीत. तरीही संस्थेचे 'सुकाणू' हाती घेताना हा अरबीतून आलेला शब्द आपण त्यांच्याच हातून घेत असतो.