बाबू जगजीवनराम : युद्ध जिंकलं, पंतप्रधानपद हुकलं



१६ डिसेंबर १९७१ हा दिवस आठवला की आपण इंदिराजींचं नाव घेतो, माणेकशॉंचं घेतो, जनरल अरोरांचं घेतो. त्या वेळी संरक्षणमंत्री कोण होते, असं विचारलं तर मात्र बरेच जण अडखळतात. ते होते बाबू जगजीवनराम. आजचा भाग त्यांच्यावर.

जन्म ५ एप्रिल १९०८, बिहारमधल्या आराजवळच्या चंदवा गावचा. वडील ब्रिटिशांच्या फौजेत नोकरी केलेले. आराच्या शाळेत अस्पृश्य मुलांसाठी पाण्याचा वेगळा माठ ठेवला होता. तो या मुलानं फोडला. पुढे बनारस हिंदू विद्यापीठातही तोच अनुभव आला. शेवटी कलकत्त्याहून १९३१ मध्ये पदवी घेतली. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगला.

१९४६ च्या हंगामी सरकारात ते सर्वांत तरुण मंत्री होते. खातं कामगार. औद्योगिक विवाद कायदा, किमान वेतन कायदा, कामगार राज्य विमा कायदा हे सगळे त्यांच्या कारकिर्दीतले. नंतर दळणवळण, रेल्वे, अन्न आणि शेती. एकूण तीस वर्षांहून अधिक काळ ते केंद्रात मंत्री होते.

आता फौजी नजरेनं बघा. सैन्य पोटावर चालतं, ही म्हण आपल्याला ठाऊक आहे. १९६६-६७ मध्ये देशात गहू पिकला सुमारे १ कोटी १४ लाख टन. बिहारात दुष्काळ, बंदरावर अमेरिकी गव्हाची वाट बघणं. १९७०-७१ मध्ये तोच आकडा सुमारे २ कोटी ३८ लाख टनांवर गेला. हरित क्रांतीचा पाया सी. सुब्रमण्यम यांनी घातला, पण १९६७ ते १९७० या निर्णायक वर्षांत अन्न व शेती खातं बाबूजींकडे होतं. १९७१ मध्ये एक कोटीच्या आसपास निर्वासित आले आणि वर युद्ध आलं. परदेशी गव्हावर तगणाऱ्या देशाला हे दोन्ही एकदम पेललं असतं का?

दुसरी गोष्ट. १९६२ मध्ये मंत्री आणि सेनाधिकारी यांच्यातल्या अविश्वासाची किंमत जवानांनी मोजली. ती घडी यशवंतराव चव्हाणांनी बसवायला घेतली. १९७१ मध्ये तिचं फळ दिसलं. पावसाळा सरेपर्यंत आणि हिमालयातल्या खिंडी बर्फानं बंद होईपर्यंत थांबायचं, हा लष्करी सल्ला सरकारनं मानला. उद्दिष्ट सरकारनं ठरवायचं, लढाई कशी करायची ते सेनापतींनी. संरक्षणमंत्र्यानं मधे लुडबुड न करणं हेही मोठं काम असतं.

पण बाबूजींची दुसरी बाजूही सांगायला हवी. जुलै १९७५ मध्ये आणीबाणीला मंजुरी देणारा ठराव लोकसभेत त्यांनीच मांडला. २ फेब्रुवारी १९७७ ला, निवडणूक जाहीर झाल्यावर, ते काँग्रेसमधून बाहेर पडले. त्यांच्या बाहेर पडण्यानं हवा फिरली हे खरं, पण दीड वर्ष ते त्याच मंत्रिमंडळात होते हेही खरं. जनता पक्ष जिंकला, तेव्हा पंतप्रधान मोरारजी झाले. चरणसिंगांनी आपलं वजन मोरारजींच्या पारड्यात टाकलं होतं. १९७९ मध्ये चरणसिंगांचं सरकार कोसळलं, तेव्हा राष्ट्रपती संजीव रेड्डींनी बाबूजींना न बोलावता लोकसभा बरखास्त केली.

मग हे जातीमुळे झालं की त्या ठरावामुळे? माझ्या मते सत्तेचं गणित आणि तो ठराव, दोन्ही आडवे आले. पण जात नव्हतीच, असं कुणी म्हणू नये. १९७८ मध्ये वाराणसीत देशाच्या संरक्षणमंत्र्यानं संपूर्णानंदांच्या पुतळ्याचं अनावरण केलं, आणि नंतर काही लोकांनी तो पुतळा गंगाजलानं धुतला. ज्यांच्या कारकिर्दीत आपण ढाका जिंकलं, त्यांच्या स्पर्शानं दगड बाटला!

६ जुलै १९८६ ला ते गेले, तेव्हाही सासारामचे खासदार होते. पुढच्या १६ डिसेंबरला विजयाची नावं घ्याल, तेव्हा हे नावही घ्या. भेटू पुढच्या भागात. जय हिंद!