सिमरॉन : पावसाच्या हिशेबाचा मुलूख

तुम्ही ओक्लाहोमा राज्याच्या पश्चिम टोकाला, ब्लॅक मेसाच्या माथ्यावर उभे आहात. उंची 4,973 फूट. राज्यातली ही सर्वांत उंच जागा, पण सुळका वगैरे काही नाही. सपाट पठार, वाऱ्यावर लवणारं गवत आणि ग्रॅनाइटचा एक स्तंभ. त्यावर अंतरं कोरली आहेत : न्यू मेक्सिको 1,299 फूट, कोलोरॅडो 4.7 मैल, टेक्सस 31 मैल, कॅन्सस 53 मैल. या सिमरॉन काउंटीच्या हद्दी चार परक्या राज्यांना भिडतात. अमेरिकेत दुसऱ्या कुठल्याही काउंटीचं असं नाही.

खाली वाकून दगड हातात घ्या. काळा, जड, बारीक छिद्रांचा. सह्याद्री चढलेल्या माणसाला तो लगेच ओळखू येतो : बसाल्ट. आता काही दशलक्ष वर्षं मागे जा. तुमच्या पायांखाली डोंगर नाही, दरीचा तळ आहे. आजच्या कोलोरॅडोतल्या ज्वालामुखीतून निघालेला लाव्हा त्या दरीतून वाहत येतो आणि थिजतो. मग दोन्ही बाजूंची मऊ जमीन पाऊस-वारा झिजवून नेतो, काळा थर मात्र जागचा हलत नाही. आजूबाजूचं सगळं खचल्यावर जुन्या दरीचा तळच सर्वांत वर उरतो. या मुलखात वारा आणि पाऊस काय करू शकतात, ते इथेच समजून घ्या. पुढचं सगळं त्यातूनच येणार आहे.

1821 नंतरच्या एखाद्या उन्हाळ्यात उतरा. मिझुरीहून सांता फेला जाणारा व्यापारी तांडा. खेचरं आणि बैल जुंपलेल्या अवजड गाड्यांनी सिमरॉनची जवळची वाट धरली आहे. वाट जवळची खरी, पण पाण्याविना. सिमरॉन नदी बहुतेक वेळा वाळूच दाखवते. कोल्ड स्प्रिंगच्या झऱ्याशी पोचता तेव्हा जनावरं आवरत नाहीत. पोटभर पाणी प्यायलेली माणसं शेजारच्या वालुकाश्मावर सुरीने नावं कोरायला बसतात. तुम्हीही कोरा, ती नावं अजून वाचता येतात. इथे वस्ती करायचा विचार मात्र कुणाच्याही मनात नाही. हा कोमांची आणि कायोवा लोकांचा मुलूख, आणि तेही गव्यांच्या कळपांमागे फिरतात, एका जागी बसत नाहीत. या मातीशी कसं राहावं याचं सर्वांत खरं उत्तर त्यांच्याकडे होतं, असं मला वाटतं.

मग दूर वॉशिंग्टनमध्ये रेघा ओढल्या जातात. टेक्ससला गुलामगिरी ठेवायची आहे, आणि 36 अंश 30 मिनिटांच्या उत्तरेला गुलामगिरी नको असा जुना करार आहे. म्हणून 1850 मध्ये टेक्सस त्या रेघेवरची जमीन सोडून देतं. 1854 मध्ये कॅन्ससची दक्षिण सीमा 37 अंशांवर ठरते. मध्ये साडेचौतीस मैल रुंद आणि सुमारे 167 मैल लांब पट्टी कुणाच्याच वाट्याला न येता उरते. तिला ‘नो मॅन्स लँड’ म्हणायला लागतात. 1880 च्या दशकात इथे घर बांधून पाहा : कोर्ट नाही, सातबारासारखा कागद नाही, जमीन तुमची आहे हे सांगणारं सरकारच नाही. वस्तीवाले 1887 मध्ये आपला स्वतःचा ‘सिमरॉन प्रांत’ जाहीर करतात. काँग्रेस मान्यता देत नाही. 1890 मध्ये पट्टी ओक्लाहोमाला जोडली जाते आणि 1907 मध्ये राज्य होताना तिच्या तीन काउंट्या होतात. पश्चिमेकडची ही सिमरॉन.

1908. हातात छापील पत्रक घेऊन तुम्ही बॉइस सिटीला आला आहात. पत्रकात फरसबंद रस्ते आहेत, सावलीची झाडं आहेत, उसळतं पाणी आहे, रेल्वे आहे. समोर फक्त माळ. प्लॉट विकणाऱ्यांवर पुढे टपालातून फसवणूक केल्याचा गुन्हा शाबीत होतो. पण पैसे गेलेली माणसं सगळीच परतत नाहीत, आणि गाव खरोखर वसतं. रेल्वे यायला 1925 उजाडतं.

आता गव्हाचे दिवस. पहिल्या महायुद्धात सरकार बुशेलला दोन डॉलरहून जास्त भाव देतं. ट्रॅक्टर येतात, तव्यांचे नांगर येतात. तुम्ही नांगराच्या मागे चाला आणि उलटलेल्या ढेकळाकडे बघा : बोटभर उंचीचं बफेलो गवत, आणि त्याखाली मुळांची घट्ट वीण. हीच वीण माती धरून आहे, आणि हीच फाळाखाली तुटते आहे. 1920 चं दशक पावसाने साथ दिलेलं, म्हणून कुणालाच खटकत नाही. 1930 च्या जनगणनेत काउंटीत 5,408 माणसं मोजली जातात. 1931 मध्ये पीक भरघोस येतं आणि भाव चाळीस सेंटच्या खाली जातो. शेतकरी रान उघडं टाकतो. पुढल्या वर्षापासून पाऊस दडी मारतो.

14 एप्रिल 1935, रविवार. सकाळ अशी लख्ख, की आठवड्यांमागून खिडक्या उघडल्या आहेत, चादरी उन्हात टाकल्या आहेत. दुपार कलताना हवेत एकाएकी गारवा येतो. पक्षी मोठ्या थव्यांनी दक्षिणेकडे सुटतात. मग क्षितिजावर ती काळी भिंत दिसते. गडगडाट नाही, विजा नाहीत. सव्वापाचच्या सुमाराला ती बॉइस सिटीवर कोसळते आणि तुम्हाला स्वतःचा पसरलेला हात दिसत नाही. हवेत एवढी वीज साठलेली की गाड्या बंद पडतात. शहाणे लोक आधीपासूनच मागे साखळी फरफटत ठेवतात, वीज जमिनीत उतरावी म्हणून. असोसिएटेड प्रेसचा बातमीदार रॉबर्ट गायगर त्या दिवशी गावापासून काही मैलांवर याच अंधारात अडकतो. दुसऱ्या दिवशीच्या त्याच्या बातमीतून या मुलखाचं ‘डस्ट बोल’, म्हणजे धुळीचं भांडं, हे नाव देशभर जातं.

एखाद्या घरात शिरा. खिडक्यांच्या फटींत पीठ कालवून चिकटवलेल्या चिंध्या, दारावर ओली चादर. ताटं पालथी मांडली आहेत. जेवण वाढेपर्यंत ती सुलटी करायची नाहीत. सकाळी उशीवर डोक्याच्या जागेपुरता स्वच्छ ठसा, बाकी सगळी धूळ. लहान मुलाच्या खोकल्याकडे घरातली बाई ज्या तऱ्हेने कान देते, त्यातलं भय तुम्हालाही चुकवता येत नाही. धुळीने होणारा न्यूमोनिया इथे सर्वांच्या ओळखीचा झाला आहे.

वर्षभराने, एप्रिल 1936 मध्ये, वीस वर्षांचा आर्थर रोथस्टीन सरकारी कामासाठी कॅमेरा घेऊन याच काउंटीत येतो. बाप आणि दोन मुलं वाऱ्यात वाकून एका खोपटाकडे निघाली आहेत. धाकटा मागे पडलाय, हात चेहऱ्यावर. मातीचे ढीग कुंपणाचे खांब गिळत चालले आहेत. पुढे हे छायाचित्र जगभर गेलं. पण पाहणारे एक गोष्ट हमखास विसरतात : ती माणसं घराकडे निघाली आहेत, कॅलिफोर्नियाला नव्हे. स्टाइनबेकच्या कादंबरीतलं, कॅलिफोर्नियाला निघालेलं जोड कुटुंब इथलं नव्हे, राज्याच्या पूर्व टोकाच्या सॅलिसॉचं. 1940 मध्ये सिमरॉनमध्ये 3,654 माणसं उरली होती. म्हणजे तिघांतला एक गेला आणि दोघं टिकून राहिले. त्या दोघांची गोष्ट कमी सांगितली जाते, आणि मला तीच मोठी वाटते.

5 जुलै 1943 च्या मध्यरात्रीनंतर बॉइस सिटीतल्या कोर्टाच्या चौकात थांबू नका. टेक्ससमधल्या डॅलहार्ट तळाचं सराव करणारं बी-17 विमान चौकातले दिवे म्हणजेच निशाण समजून सहा सराव-बॉम्ब टाकून जातं. कुणी दगावत नाही.

युद्धानंतर मोठे पंप येतात आणि जमिनीखालचं ओगालाला जलधराचं पाणी वर येतं. विमानातून बघा : माळावर हिरवी वर्तुळं, प्रत्येक वर्तुळात एक फिरता नळ. मका, गहू, ज्वारी, आणि जनावरांचे गोठे. शेजारीच रीटा ब्लांका गवताळ प्रदेश. पडीत झालेली शेतं सरकारने 1930 च्या दशकात विकत घेतली, त्यांतलाच हा तुकडा. तिथे गवत परत आलं आहे, गुरं चरतात. नांगर मात्र चालत नाही.

2020 मध्ये पोचलात. 2,296 माणसं, सुमारे 4,750 चौरस किलोमीटर जमीन : माणशी दोन चौरस किलोमीटर. निम्मी वस्ती एकट्या बॉइस सिटीत. ब्लॅक मेसाच्या पायथ्याचं केंटन गाव तर घड्याळही राज्याबरोबर लावत नाही, न्यू मेक्सिकोच्या वेळेने चालतं. या वेळी माणसं धुळीने गेली नाहीत. यंत्रं मोठी झाली, शेतं एकमेकांत मिळाली, शिकायला गेलेली मुलं बाहेरच राहिली.

आणि खालचं पाणी उतरतं आहे. उपसा जितका, त्याच्या पासंगालाही पुरेल इतका पाऊस आत मुरत नाही. हिवाळ्यात, पंप थांबलेले असताना, राज्याच्या जलखात्याची माणसं ठरावीक विहिरींत फीत सोडून पातळी मोजतात. ज्याच्या पंपाची धार बारीक झाली, तो वर्तुळ सोडून पुन्हा जिराईत गव्हाकडे वळतो, नाहीतर रान गवताला देतो.