नैसर्गिक निवड आणि मराठी विचारविश्व

नैसर्गिक निवड ही सजीवांच्या उत्क्रांतीमागील प्रमुख प्रक्रिया होय. चार्ल्स डार्विन (१८०९–१८८२) आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस (१८२३–१९१३) या दोन इंग्रज निसर्गअभ्यासकांनी ती स्वतंत्रपणे शोधून काढली. दोघांचे निबंध १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्र वाचले गेले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १८५९ मध्ये, डार्विनचा जातींच्या उगमाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जीवशास्त्राबरोबरच इतिहास, समाजशास्त्र, धर्मविचार आणि नीतिशास्त्र यांवरही या सिद्धान्ताचा खोल परिणाम झाला. महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून समाजसुधारणा, तत्त्वज्ञान आणि जातिव्यवस्था यांविषयीच्या चर्चेत त्याचा आधार घेतला गेला, आणि काही वेळा विपर्यासही झाला.

सिद्धान्ताचे स्वरूप

नैसर्गिक निवडीचा युक्तिवाद चार गोष्टींवर उभा आहे. एकाच जातीच्या जीवांमध्ये लहानमोठे भेद असतात. त्यांतील काही भेद पुढच्या पिढीत उतरतात. जगू शकतील त्याहून अधिक जीव जन्माला येतात. ज्यांच्या अंगचे भेद त्या परिस्थितीत उपयोगी पडतात, त्यांची संतती सरासरीने अधिक टिकते. असे पिढ्यान्‌पिढ्या घडत गेले, की त्या जीवसमूहाचे रूप पालटते. तिसऱ्या मुद्द्याची प्रेरणा डार्विनला माल्थसच्या लोकसंख्येवरील निबंधातून मिळाली होती.

वसई तालुक्यात उमेळे-नायगावच्या बाजूला खाडीकाठी आढळणारे तिवर हे याचे सहज पाहता येणारे उदाहरण आहे. भरतीच्या खाऱ्या पाण्यात आणि हवा न खेळणाऱ्या चिखलात सामान्य झाड गुदमरते. तिवराची श्वसनमुळे मात्र चिखलातून वर येऊन हवा घेतात आणि त्याची पाने जादा मीठ बाहेर टाकतात. हे गुण झाडाने इच्छेने मिळवलेले नाहीत. ज्या पूर्वजांमध्ये ते थोडेफार होते त्यांचे बी अधिक रुजले, आणि असंख्य पिढ्यांत ते गुण पक्के झाले. हेच तिवर डोंगरमाथ्यावरील कातळावर निरुपयोगी ठरेल. ‘योग्य’ हा शब्द येथे नेहमी एका विशिष्ट परिस्थितीच्या संदर्भातच घ्यावा लागतो.

ही प्रक्रिया आजही चालू आहे. क्षयरोगाचे औषध अर्धवट घेतले, तर दुर्बळ जंतू मरतात. औषधाला दाद न देणारे थोडे उरतात आणि तेच वाढतात. चाचणी केलेल्या सर्व औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे रुग्ण आढळल्याची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०११-१२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात केली. औषधाचा क्रम पूर्ण करण्याचा आग्रह धरण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

‘उत्क्रांती’ हा शब्द

मराठीत रूढ झालेला ‘उत्क्रांती’ हा शब्द संस्कृतातून आला. ‘उत्’ म्हणजे वर किंवा बाहेर आणि ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणे. वेदान्तात या शब्दाचा अर्थ प्राणाने देहातून निघून जाणे, म्हणजेच मृत्यू, असा आहे. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्य’ (१९१५) या ग्रंथात ही अडचण नमूद केली असून सांख्यांच्या परिभाषेतील गुणविकास, गुणोत्कर्ष किंवा गुणपरिणाम हे शब्द अधिक योग्य मानले आहेत. तथापि ‘उत्क्रांती’ हाच शब्द टिकला.

या शब्दामुळे ‘वर चढणे’ ही छटा मराठी वाचकाच्या मनात राहते. नैसर्गिक निवडीत मात्र वर-खाली असे काही नसते. अंधाऱ्या गुहेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माशांची दृष्टी नाहीशी होते, हीदेखील उत्क्रांतीच होय. डार्विनने वंशावळीची उपमा फांद्या फुटत जाणाऱ्या झाडाची दिली. ती जिन्याची नाही.

याच कारणाने दशावतारांशी लावली जाणारी लोकप्रिय सांगड शास्त्रीय दृष्ट्या टिकत नाही. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन हा क्रम जलचरापासून मनुष्यापर्यंतचा भासतो. परंतु अवतार हेतुपूर्वक होतात आणि एका रांगेत येतात, तर निवडीच्या प्रक्रियेला हेतू नसतो. शिवाय आजचे मासे, कासवे आणि मनुष्य हे समकालीन आहेत. त्यांच्यापैकी कोणीही दुसऱ्याचा पूर्वज नाही.

महाराष्ट्रातील प्रबोधन

महाराष्ट्रातील पहिल्या पिढीच्या इंग्रजी शिकलेल्या विचारवंतांवर डार्विनपेक्षा हर्बर्ट स्पेन्सर (१८२०–१९०३) या तत्त्वज्ञाचा प्रभाव अधिक होता. ‘लायकतमाचा टिकाव’ या अर्थाचा प्रसिद्ध इंग्रजी शब्दप्रयोग स्पेन्सरने १८६४ मध्ये केला. डार्विनने तो १८६९ च्या आवृत्तीत स्वीकारला. स्पेन्सरच्या मांडणीत समाज हा एक सजीव असून तो साध्याकडून जटिलाकडे जातो.

‘केसरी’चे पहिले संपादक आणि पुढे १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढणारे गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) यांच्यावर मिल आणि स्पेन्सर यांचे संस्कार होते. समाज बदलत असतो, तेव्हा त्याच्या रूढीही बदलल्या पाहिजेत, हे त्यांच्या लेखनाचे सूत्र होते. बालविवाह, केशवपन यांसारख्या चालींना केवळ प्राचीनतेचा आधार पुरेसा नाही, हे सांगण्यास त्यांना विकासाच्या कल्पनेची मदत झाली. टिळकांनी मात्र ‘गीतारहस्या’त हेकेल प्रभृतींच्या जडवादी विकासमताची सांख्यांच्या प्रकृतिविचाराशी तुलना केली आणि अखेरचे उत्तर वेदान्तात शोधले. वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास लिहिताना ती संस्था अनादी नसून कालक्रमाने घडत गेली, असे दाखवण्याचा प्रयत्न केला.

जात आणि वंश यांविषयीचा वाद

‘लायकतमाचा टिकाव’ हे वर्णन आहे. त्यातून ‘बलवानानेच टिकावे’ असा आदेश निघत नाही. तरीही युरोप-अमेरिकेत या वचनाचा उपयोग वसाहतवाद, वर्णद्वेष आणि सुप्रजननाच्या चळवळीचे समर्थन करण्यासाठी झाला. भारतातही जातिव्यवस्था म्हणजे रक्तशुद्धी राखणारी शास्त्रीय योजना आहे, असा दावा करण्यात आला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेल्या, परंतु प्रत्यक्षात होऊ न शकलेल्या भाषणात या दाव्याची तपासणी केली. जाती निर्माण होण्यापूर्वीच भारतातील वंश एकमेकांत मिसळले होते. पंजाबातील आणि मद्रासमधील ब्राह्मणांत वांशिक साम्य दाखवता येत नाही. आणि सहभोजनाने रक्तात काही फरक पडत नसताना त्यावरील बंदीला कोणते शास्त्रीय कारण आहे, असे त्यांचे आक्षेप होते. जात ही जैविक निवड नसून सामाजिक बंधन आहे, हा त्यांचा निष्कर्ष होता.

मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिन येथे ऑयगन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली मानवी कवटीच्या असममितीवर पीएच.डी.साठी संशोधन केले. फिशर हे वांशिक श्रेष्ठतेच्या मताचे पुरस्कर्ते होते. असममितीचा वंशाशी संबंध नसल्याचे कर्वे यांना मोजमापांतून आढळले आणि मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध जाणारा हा निष्कर्ष त्यांनी प्रबंधात मांडला.

शिक्षण आणि समकालीन चर्चा

जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे डार्विनचा सिद्धान्त चुकीचा असल्याचे विधान केले. माकडाचे माणसात रूपांतर होताना पूर्वजांपैकी कोणी पाहिले नाही, असा त्यांचा मुद्दा होता. देशातील तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून त्याचे खंडन केले. सिद्धान्त असे सांगतो, की मनुष्य आणि आजची माकडे यांचा पूर्वज एक होता; जीवाश्म, शरीररचना आणि डीएनए यांचे पुरावे त्याला दुजोरा देतात.

२०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळल्यावर देशभरातील १,८०० हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक व नागरिकांनी निषेधाच्या पत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. महाराष्ट्रात बालभारतीने २०१८ मध्ये आणलेल्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ या पुस्तकाचा पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे.