सत्त्याण्णव ईमेल

२७ जुलै २०१२
न्यूयॉर्क शेअर बाजाराची किरकोळ गुंतवणूकदारांसाठीची नवी योजना १ ऑगस्टला सुरू व्हायची आहे. नाइट कॅपिटल ही दलाल कंपनी आपल्या 'स्मार्स' प्रणालीत त्यासाठीचा कोड टप्प्याटप्प्याने चढवायला घेते. मोठी ऑर्डर घ्यायची, तिचे तुकडे करून बाजारात पाठवायचे, हे स्मार्सचं काम. सर्व्हर आठ. नवा कोड सातांवर चढतो, आठवा राहून जातो. दुसऱ्या माणसाने तपासावं असा लेखी नियम नाही.

त्या आठव्यावर 'पॉवर पेग' हा जुना कोड अजून आहे. वापर २००३ मध्येच थांबला, पण कोड कुणी काढला नाही. ऑर्डर पुरी झाली की थांबवणारी मोजणी २००५ मध्ये दुसरीकडे हलवली आणि त्यानंतर पॉवर पेगची चाचणी झालीच नाही. नव्या योजनेसाठी जो फ्लॅग (कोड चालू-बंद करणारी खूण) निवडला, तोच पूर्वी पॉवर पेगला जागा करत असे.

१ ऑगस्ट, सकाळी ८:०१
बाजार उघडायला ८९ मिनिटं. प्रणाली आपणहून कर्मचाऱ्यांच्या एका गटाला ईमेल पाठवू लागते. त्यात स्मार्सचा उल्लेख आणि त्रुटी: 'पॉवर पेग डिसेबल्ड'.

८:०१ ते ९:३०
मला सर्वांत अस्वस्थ करतो तो हा वेळ. असे ९७ ईमेल गेले. संदेश मोघम नव्हता, त्यात प्रणालीचं नाव होतं आणि दोषी कोडचंही. नऊ वर्षांपूर्वी वापरातून गेलेल्या कोडचं नाव आज सकाळी का उमटतंय, एवढा एकच प्रश्न कुणी विचारला असता तर आठव्या सर्व्हरपर्यंत पोचायला तासभर हातात होता. पण हे संदेश धोक्याचा इशारा म्हणून रचलेलेच नव्हते आणि आल्या आल्या ते वाचायची तिथे पद्धत नव्हती.

लॉग कॉन्फिगर करताना आपण ठरवतो ते हेच: कोणती नोंद नुसती फाइलमध्ये पडेल, कोणती मेलने जाईल आणि कोणती माणसाला खुर्चीतून उठवेल. ज्यांनी सर्व्हर सांभाळलेत त्यांना ठाऊक आहे, रोज ढिगाने येणारे मेल आठवड्याभरात नजरेआड होतात. दोष वाचणाऱ्याच्या आळसाचा कमी, सगळ्या नोंदी एकाच आवाजात बोलायला लावणाऱ्या मांडणीचा जास्त.

९:३०
बाजार उघडतो. ऑर्डरी आठव्या सर्व्हरवरही येतात. पुरे झालं हे त्याला कळायची सोय नाही, म्हणून तो तुकडे पाठवतच राहतो. साचत चाललेले सौदे पडद्यावर दिसतात, पण तो पडदा स्वतःहून घंटा वाजवत नाही. माणसाने बघितलं तरच कळणार.

९:३० नंतर
बिघाड शोधायचा आहे, तोही चालू बाजारात. अशा प्रसंगाची लेखी कार्यपद्धती नाही. तंत्रज्ञ सातही सर्व्हरवरून नवा कोड काढतात. शेवटचा बदल आधी मागे घ्यावा, हे शिकवलं जातं तसंच ते वागले, आणि त्यांच्या जागी मीही बहुधा हेच केलं असतं. पण ते सात सर्व्हर बरोबर चालत होते. नवा कोड निघाल्यावर त्यांच्यावर जुनाच उरला आणि आता तेही पॉवर पेगच्या हाती गेले.

१०:१५ च्या सुमारास
थांबलं. सुमारे ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअरचे ४० लाख सौदे, ३९ कोटी ७० लाखांहून अधिक शेअर. नको असलेली खरेदी साडेतीन अब्ज डॉलरची, विक्री ३.१५ अब्जांची. हे सगळं निस्तरताना तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर गेला.

त्यानंतर
आठवड्याच्या आत ४० कोटी डॉलर घेऊन गुंतवणूकदार धावून आले, तेव्हा कंपनी तगली. पुढच्या वर्षी गेटको कंपनीशी तिचं विलीनीकरण झालं. ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाने १ कोटी २० लाख डॉलरचा दंड ठोठावला. त्या आदेशात बाजार उघडण्याआधी आलेल्या ईमेलची संख्याही नोंदलेली आहे: ९७.