शंभर उंट, पन्नास उंट

केनिया म्हटलं की मसाई मारा आठवतं, फार तर २००३ च्या वर्ल्डकपमधली आपल्याविरुद्धची सेमीफायनल. आज मात्र त्या देशाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या वजीरबद्दल लिहायचंय.

वजीर म्हणजे सोमालियाच्या सीमेलगतचा कोरडा, उंटपाळांचा मुलूख. अजुरान, देगोदिया आणि ओगादेन ही तिथली मोठी सोमाली कुळं. धर्म एक, आणि भांडण विहिरी-कुरणांवरून. १९९१ मध्ये सोमालियातलं सरकार कोसळलं आणि तिकडच्या बंदुका इकडे आल्या. त्यात दुष्काळ. त्यात १९९२ ची बहुपक्षीय निवडणूक, म्हणजे खासदार कुठल्या कुळाचा हा आणखी एक वाद. मग काय, गोळीबार रोजचाच झाला.

सरकारकडे जावं म्हटलं, तर १९८४ साली वगालाच्या धावपट्टीवर सुरक्षा दलांनीच देगोदिया पुरुषांना कोंडून शेकडोंना मारलं होतं. विश्वास कोण ठेवणार?

देका इब्राहिम अब्दी ही तिथली शिक्षिका. एका रात्री ती तान्ह्या मुलीला घेऊन पलंगाखाली लपून राहिली. सकाळी आईने सांगितलं, तू लहान असताना मी तुला घेऊन याच पलंगाखाली लपले होते. पलंग तोच, फक्त पिढी बदललेली!

एका लग्नात जमलेल्या बायकांत हा विषय निघाला. त्यांनी सुरुवात केली ती बाजारापासून, कारण तो त्यांच्या हातात होता. ठरलं असं की, कुठल्याही कुळाच्या बाईला बाजारात येऊन खरेदी-विक्री करता आली पाहिजे. तक्रार आली तर लगेच मिटवायची, आणि त्यासाठी रोज लक्ष ठेवायचं. बाजार शांत झाल्यावर त्या कुळांच्या वडीलधाऱ्यांकडे गेल्या. बैठकीत बोलायला पुढे केलं ते सगळ्यात लहान कुळातल्या म्हाताऱ्याला, म्हणजे मोठ्या कुळांना त्याची धास्ती वाटणार नाही. केवढी साधी युक्ती! १९९३ मध्ये वडीलधाऱ्यांनी अल-फताह जाहीरनामा मान्य केला. १९९५ मध्ये बायका, तरुण, मौलवी, पोलिस आणि सरकारी अधिकारी असे सगळे एका समितीत आले.

आपल्या धंद्यातली माणसं हे पटकन ओळखतील. रिलीज झालं म्हणजे काम संपलं असं नसतं, सपोर्ट चालूच ठेवावा लागतो. कुठे उंट चोरीला गेला, कुणी मारलं गेलं, की समितीची माणसं बदला घेतला जायच्या आत तिथे पोचायची. तह टिकला तो या धावपळीवर. अधूनमधून तो मोडलाही, पुन्हा जोडावा लागला.

देकाला २००७ साली राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. २०११ मध्ये अपघातानंतर ती गेली.

एक गोष्ट मात्र टोचते. या भागातल्या वडीलधाऱ्यांनी २००१ मध्ये मोदोगाशेला भरपाईचे दर ठरवले. पुरुष मारला गेला तर शंभर उंट, बाई मारली गेली तर पन्नास. जुन्या रिवाजातला हिशोब होता, सगळ्यांना पटणारा, म्हणून रक्तपात थांबवायला उपयोगीही. पण या मुलखात शांततेची सुरुवात ज्यांनी केली, त्यांची किंमत निम्मीच राहिली.

शांतता हवी म्हणून असा हिशोब चालवून घ्यावा का? मला वाटतं, गोळीबार चालू असताना घ्यावा. थांबल्यावर मात्र तो पुन्हा काढायला हवा. असो. तुम्ही काय केलं असतं?