वाटेवरचे धोके : पटकीपासून द्रुतगती मार्गापर्यंत

आपल्या दिंडीचे विणेकरी, मृदंगमणी, अन्नदाते यांच्याबद्दल या अंकात इतरांनी लिहिलंच आहे. मी वाटेबद्दल लिहितो. या वाटेनं माणसं नेलीही आहेत, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तेही यायला हवं.

पहिला वैरी पटकी. जुन्या माळकऱ्यांच्या तोंडी ‘वाखा’. चंद्रभागेच्या वाळवंटात अफाट गर्दी उतरायची. तिथंच आंघोळ, तिथंच बाकीचे विधी, आणि प्यायलाही तेच पाणी. जुलाब-उलट्यांची साथ उठली की यात्रा पांगायची आणि रोग गावोगाव पोचायचा. कल्याणला आगगाडी आली १८५४ साली. त्याच वर्षी लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टरनं एका पंपाच्या पाण्यावरून दाखवून दिलं, की पटकी पाण्यातून पसरते. ते ज्ञान वाळवंटात पोचायला मात्र फार काळ गेला. १८९२ मध्ये हाफकिन यांनी लस काढली आणि पुढं वारीला जायचं तर सुई टोचून घेणं सक्तीचं झालं. दंड सुजायचा, ताप यायचा. टोचणी चुकवून आडवाटेनं जाणारे महाभागही होतेच!

गाडीमुळं पाय वाचले खरे, पण तो रस्ताही फुकट झालेला नाही. आपल्या विठ्ठलवाडीवरून कर्जतकडं जाणारा लोहमार्ग १८५६ चा. पुढं बोरघाट फोडून गाडी वर चढवायला १८६३ साल उजाडलं. पंचवीस बोगदे, १८६१ च्या सुमारास कामावर बेचाळीस हजार मजूर. सुरुंग, दरडी, आणि मजुरांच्या झोपड्यांत पुन्हा तीच पटकी. १८५९ मध्ये मजुरी थकली म्हणून दंगा झाला. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आला, तो थोड्याच दिवसांत वारला. काम त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिसनं, तडीस नेलं. तिचं नाव राहिलं. मेलेल्या मजुरांचा आकडा पंचवीस हजारांच्या घरात धरतात, नावं जवळजवळ कोणाचीच नाहीत. खंडाळ्याच्या बोगद्यात अंधार झाला की आपली मंडळी गजर करतात, तेव्हा मला ही माणसं आठवतात.

कुर्डुवाडीहून पंढरपूरला १९०६ पासून बार्शी लाइटची अरुंद गाडी. यात्रेत डबे पुरत नसत, मग मालडब्यांत माणसं भरत.

आता पटकीचं भय राहिलं नाही. २०२० मध्ये करोनानं पायी वारी थांबवली आणि पादुका एसटीनं गेल्या, तेवढ्यापुरती जुनी आठवण जागी झाली. आजचा वैरी चाकांवर आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवे घाटात नामदेव महाराजांच्या पालखी सोहळ्यात जेसीबी घुसला. महाराजांचे वंशज सोपान महाराज नामदास आणि आणखी एक वारकरी गेले. जुलै २०२४ मध्ये, आषाढीला दोनच दिवस उरले असताना, आपल्या डोंबिवलीहून निघालेली वारकऱ्यांची बस रात्री पनवेलजवळ द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टरला धडकून खाली कोसळली. पाच जण गेले. त्या मार्गावर ट्रॅक्टरला मुळात बंदी आहे.

म्हणून आपल्याकडं आता सामानाच्या ट्रकवर कोणी बसत नाही, माउली म्हणून कितीही गळ घातली तरी. पहाटेच्या चालीत शेवटच्या रांगेला चमकत्या पट्ट्यांची जाकिटं आणि मागं लाल दिवा असतो. ड्रायव्हरसाठी वेगळी राहुटी आहे, आणि तिच्या आसपास रात्री मृदंग वाजवायला मनाई आहे.