लहान घर, मोठा नाताळ : सचिनच्या खोल्यांतील पाहुणचार

गोव्यात नाताळ म्हटला की डोळ्यांसमोर व्हरांड्याचे घर, दारात टांगलेला तारा, अंगणातील गोठा आणि स्वयंपाकघरात दोदोल घोटणारी माणसे येतात. अशा घरात चाळीस पाहुणे आले तरी कुणाला कुठे बसवावे, हा प्रश्न सहसा पडत नाही. परंतु उद्योगनगरीत एका खोलीत संसार थाटलेल्या कुटुंबासमोर तोच प्रश्न सर्वांत आधी उभा राहतो. गुजरातेतील सुरतच्या दक्षिणेस असलेले सचिन हे अशाच वस्तीचे ठिकाण. नाव वाचून क्रिकेटपटू आठवेल; पण १७९१ पासून तेथे जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील एका शाखेचे छोटे संस्थान होते आणि १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले. आज सचिन ओळखले जाते ते औद्योगिक वसाहतीमुळे, यंत्रमाग आणि कापड-प्रक्रियेच्या कारखान्यांमुळे.

येथे काम करणारे लोक खानदेशातून, ओडिशातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आणि दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यातून आलेले आहेत. डांग आणि तापी जिल्ह्यांत, तसेच पलीकडे नंदुरबारच्या नवापूर तालुक्यात आदिवासी ख्रिस्ती समाज बराच आहे. उधना-जळगाव लोहमार्गाने ही माणसे सुरतेशी जोडलेली आहेत. याच मार्गावरील नवापूर स्थानक अर्धे गुजरातेत आणि अर्धे महाराष्ट्रात आहे. सुट्टी मिळाली तर नाताळला गावी जायचे, न मिळाली तर आहे त्या खोलीत साजरा करायचा, असा या कुटुंबांपुढचा पर्याय असतो. सण तोच, नावही तेच : पोर्तुगीज ‘नाताल’ शब्दापासून आलेला ‘नाताळ’ गोवा, महाराष्ट्र आणि गुजरात या तिन्ही ठिकाणी रुळला आहे.

आता जागेचा हिशेब. दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब खोलीचे क्षेत्रफळ १२० चौरस फूट भरते. मांडी घालून जेवणाऱ्या माणसाला ताटासह सुमारे सहा चौरस फूट जागा लागते. वाढणाऱ्याची वाट आणि भिंतीलगतचे सामान वजा केले तर एका वेळी बारा-चौदा माणसे सुखाने बसतात. खुर्च्या मांडल्या तर हीच संख्या आठवर येते. म्हणून लहान घरात खुर्च्या भाड्याने आणणे हा पैशाचा आणि जागेचा दुहेरी अपव्यय होय. वृद्धांसाठी दोन-तीन खुर्च्या पुरेत. बाकीच्यांसाठी सतरंजी अंथरून पंगत घालावी. तीन पंगतींत चाळीस माणसे जेवतात आणि प्रत्येक पंगतीला पस्तीस-चाळीस मिनिटे धरली तरी दोन-सव्वादोन तासांत सारे आटोपते.

सचिनसारख्या ठिकाणी या पंगती आपोआपच पडतात. सुरतच्या यंत्रमागांवर बारा-बारा तासांच्या पाळ्या सर्रास चालतात आणि सणाच्या दिवशी सर्वच मालक माग बंद ठेवतात असे नाही. दिवसपाळीचा माणूस रात्री आठनंतर मोकळा होतो, तर रात्रपाळीच्या माणसाला त्याच सुमारास निघावे लागते. यजमानाने सर्वांना एकच वेळ दिली तर अर्धे लोक येऊ शकत नाहीत आणि उरलेले दाटीवाटीने बसतात. त्याऐवजी निमंत्रणातच दोन वेळा सांगाव्यात : रात्रपाळीला जाणाऱ्यांसाठी व मुलाबाळांसाठी सायंकाळी पाच, आणि दिवसपाळीहून येणाऱ्यांसाठी साडेआठ. यात कुणाचा अपमान नाही. उलट, आपल्या कामाची वेळ यजमानाने ध्यानात ठेवली, याचे पाहुण्याला बरेच वाटते.

खोलीबाहेरची जागाही घराचाच भाग समजावी. दारापुढचा ओटा, गल्ली आणि मुख्य म्हणजे गच्ची. गुजराती शेजारी तिला ‘अगाशी’ म्हणतात. डिसेंबरात सुरतेकडे पावसाचे भय नसते, हवेत सुखद गारवा असतो आणि १४ जानेवारीच्या उत्तरायणाच्या पतंगांसाठी लोक गच्च्या झाडूनपुसून ठेवू लागलेले असतात. मात्र घरमालकाची आणि खालच्या-वरच्या बिऱ्हाडांची परवानगी आधी घ्यावी व त्यांनाही बोलवावे. ज्याला निमंत्रण आहे तो शेजारी रात्री आवाजाची तक्रार करीत नाही, असा अनुभव सर्वत्र आहे. तरीही ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातील ठरावीक दिवशी, जास्तीत जास्त पंधरा दिवस, मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते; ती त्या दिवसासाठी आहे किंवा नाही हे आधी विचारून घ्यावे.

ध्वनिवर्धकाची खरे तर गरजही नाही. मराठी ख्रिस्ती समाजात पेटी-तबल्यावर भजने म्हणण्याची परंपरा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) रचलेली गीते आजही उपासनेत गायिली जातात. एक पेटी, एक ढोलकी आणि चार गळे एवढ्यावर लहान खोली भरून जाते. भाड्याच्या संगीतसंचाचे पैसे वाचतात, शिवाय पाहुणे नुसते ऐकत न बसता गाऊ लागतात.

अन्नावर खर्चाचा मोठा वाटा जातो. त्यामुळे पदार्थ कमी आणि प्रमाण अचूक ठेवावे. चाळीस माणसांतील पंधरा शाकाहारी आहेत असे धरू. सचिनसारख्या मिश्र वस्तीत हा आकडा याहून मोठाही असू शकतो. माणशी १०० ग्रॅम कच्चा तांदूळ पुलावाला पुरतो. म्हणजे शाकाहारी पुलावाला दीड किलो आणि कोंबडीच्या पुलावाला अडीच किलो तांदूळ व चार किलो कोंबडी. शाकाहारी पुलाव आधी, स्वतंत्र पातेल्यात शिजवावा आणि वाढण्याचे डावही वेगळे ठेवावेत. घरगुती शेगडीवर चार किलोंचे एकच भांडे चढत नाही. पंधरा लिटरच्या दोन पातेल्यांत पाळीपाळीने शिजवणे बरे. सोबत कांदा-काकडीची कोशिंबीर, ताक आणि पाव. चहा माणशी १०० मिलिलिटर धरल्यास दोन लिटर दूध, तेवढेच पाणी आणि सुमारे ४०० ग्रॅम साखर लागते. पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे दोन जार आदल्या संध्याकाळीच आणून ठेवावेत. ऐन वेळी पाणी संपणे ही लहान घरातील सर्वांत सामान्य फजिती आहे.

गोडाच्या बाबतीत गोमंतकीय कुटुंबांना एक गोष्ट सोडावी लागते. गुजरातेत दारूबंदी आहे. परवान्याशिवाय मद्य बाळगणे हा गुन्हा आहे, मग ते गोव्याहून आणलेले असो वा जवळच्या दमणहून. पाहुण्याच्या पिशवीतील फेणीची बाटली यजमानाला पोलिस चौकीत नेऊ शकते. म्हणून येणाऱ्या नातलगांना हे आधीच स्पष्ट सांगावे. केकसाठी सुका मेवा संत्र्याच्या रसात भिजवावा. रममधला मेवा महिनोन्‌महिने टिकतो, रसातला मात्र शीतकपाटात दोन-तीन दिवसच, हे विसरू नये. चाळीस माणसांना प्रत्येकी ६० ते ७० ग्रॅमचा तुकडा द्यायचा तर अडीच-तीन किलो केक लागतो. घरात भट्टी नसेल तर मिश्रण डब्यांत भरून जवळच्या बेकरीत भाजून घेता येते का, हे विचारावे. सगळाच केक करण्याचा हट्टही नसावा. सुरतची नानखटाई प्रसिद्ध आहे. डच व्यापाऱ्यांची भट्टी एका पारशी कारागिराने पुढे चालवली आणि त्यातून ही बिस्किटे घडली, अशी कथा तेथे सांगितली जाते. नाताळच्या ताटात तिला मानाने जागा द्यावी.

नेवऱ्या मात्र घरीच व्हाव्यात. गोव्याची नेवरी, देशावरची करंजी आणि गुजराती घुघरा ही एकाच कुळातली भावंडे असल्याने शेजारणी न सांगता लाटायला बसतात. आदल्या दिवशी चार जणींनी मिळून केलेले काम एकटीवर पडत नाही. हा मुद्दा खर्चाइतकाच महत्त्वाचा आहे, कारण एका खोलीच्या घरात सोहळा दोन हात अंतरावर चालू असूनही घरची बाई रात्रभर शेगडीकडे तोंड करून उभी असते. पंगती वाढण्याचे काम पुरुषांनी आणि थोरल्या मुलांनी घ्यावे. पहिल्या पंगतीला आईला बसवावे, शेवटच्या नव्हे.

ज्यांना जागेअभावी बोलावता येत नाही त्यांच्यासाठी गोव्याची जुनी रीत उपयोगी पडते : शेजारीपाजारी गोडाची ताटे पाठवणे. ऐंशी जणांना बोलावून कर्ज काढण्यापेक्षा चाळीस जणांना जेवू घालावे आणि उरलेल्या दहा-बारा घरी ताट पोचवावे. सणासाठी मुकादमाकडून उचल घेतली तर ती पुढे कित्येक आठवड्यांच्या मजुरीतून कापली जाते. म्हणून आधी हातातील रक्कम ठरवावी आणि मग पाहुण्यांची यादी करावी. हा क्रम उलटला की घर अडचणीत येते.

सजावटीला सुरतेत स्वस्त कापडाची वाण नाही. कटपिसांच्या दुकानांतून चमकदार पट्ट्या वजनावर मिळतात. पण हे कापड बहुतांशी पॉलिएस्टर असते, ते आगीत वितळून अंगाला चिकटते. मेणबत्ती, शेगडी आणि असे कापड एका लहान खोलीत एकत्र नांदू शकत नाहीत. मेणबत्त्या ओट्यावर लावाव्यात, आत फक्त एलईडी दिवे. गोठा जमिनीवर न मांडता भिंतीतील फळीवर मांडला तर जागा वाचते आणि मुलांचे पायही लागत नाहीत. घरातील साध्या सहा अँपिअरच्या प्लगवर सुमारे १३०० वॅटपेक्षा अधिक भार टाकू नये. इंडक्शन शेगडी त्यावर चालवणे धोक्याचे आहे. चपला, सायकली आणि भाड्याची भांडी जिन्यात रचू नयेत. २४ मे २०१९ रोजी सुरतच्या सरथाणा भागातील तक्षशिला आर्केड इमारतीला आग लागून २२ विद्यार्थी मृत्युमुखी पडले. बाहेर पडण्याची वाट मोकळी असणे म्हणजे काय, हे त्या शहराला वेगळे सांगावे लागत नाही. गर्दीच्या खोलीत सिलिंडर पाहुण्यांच्या पाठीशी येणार नाही, अशा रीतीने शेगडी दाराजवळ किंवा खिडकीखाली ठेवावी आणि स्वयंपाक संपताच रेग्युलेटर बंद करावा.

उरलेला पुलाव रात्रभर पातेल्यात झाकून ठेवू नये. शिजलेला भात दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहिला तर त्यात विषबाधा करणारे जंतू वाढतात आणि पुन्हा गरम केल्याने ते विष नाहीसे होत नाही. शेवटची पंगत उठण्याआधीच रात्रपाळीवर असलेल्यांचे डबे भरून माणसाहाती कारखान्यावर पाठवावेत. भाड्याची पातेली दुसऱ्या दिवशी सकाळी घासून परत केली की दुसऱ्या दिवसाचे भाडेही पडत नाही.